रोगी निराळा, वैद्य निराळा
डिस्कच्या निगेसाठीं लाइव्ह लिनक्सची निवड



तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपल्याकडे लहान मुलासहि ठाऊक असतें. परंतु संगणकाच्या बाबतींत चांगलीं शिकलेलीं माणसें नेमकें तेंच करीत असतात. एके दिवशीं सकाळीं यंत्र सुरू होत नाहीं, काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या ओळी तेवढ्या उमटतात, आणि मग उपायांची शोधाशोध सुरू होते. घाईगर्दींत जो पहिला उपाय हातीं लागतो तोच पुष्कळदां अपायास कारण होतो. म्हणून हार्ड डिस्कची निगा राखण्यासाठीं, आणि प्रसंग पडल्यास तिच्यांतील ऐवज सोडवून आणण्यासाठीं, कोणता लाइव्ह लिनक्स संच जवळ बाळगावा याचा विचार यंत्र धडधाकट असतांनाच करून ठेवणें शहाणपणाचें होय.

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भोर तालुक्यांत, शिवरे हें गांव आहे. तेथील एखाद्या सुशिक्षित घराची कल्पना करावी. घरांत पांच-सात वर्षांचा जुना संगणक आहे. त्यांत शेताचा सातबारा आहे, विजेच्या बिलांच्या पावत्या आहेत, मुलीच्या लग्नाचीं छायाचित्रें आहेत, आजोबांनीं हौसेनें टंकलेल्या आठवणी आहेत, आणि आजीनें जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या कोणीं नातवानें मोबाइलवर उतरवून घेतल्या त्याहि तेथेंच ठेवलेल्या आहेत. यांपैकीं सातबारा गेला तर फारसें बिघडत नाहीं. तो शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावरून पुनः काढतां येतो. पावत्यांचेंहि तसेंच. परंतु आजी आज हयात नसेल तर तिचा आवाज कोणत्या कचेरींत अर्ज करून मिळावयाचा? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनीं पुणें जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून आरंभ करून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्या आज जपल्या गेल्या आहेत, हें महाराष्ट्राचें भाग्य. पण घरोघरच्या अशा आवाजांना संस्थेचा आधार नसतो. ते एकाच डिस्कवर, एकाच फाइलींत असतात. डिस्क दुरुस्तीचा प्रश्न हा यंत्राचा नसून या न मिळणाऱ्या वस्तूंचा आहे, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपें होतें.

बिघडलेल्या संगणकाची मुख्य अडचण अशी कीं, तेथें रोगी आणि वैद्य एकाच खाटेवर निजलेले असतात. विंडोज म्हणा किंवा दुसरी कोणतीहि प्रणाली म्हणा, ती राहते त्याच डिस्कवर. डिस्क आजारली म्हणजे तिला तपासणारें साधनहि तिच्याबरोबरच अंथरुणास खिळतें. शिवाय चालू प्रणाली क्षणोक्षणीं डिस्कवर कांहींतरी लिहीत असते. चुकून पुसलेल्या फाइलीची जागा तिच्या दृष्टीनें मोकळी झालेली असते. त्या जागेवर नवें कांहीं लिहिलें गेलें कीं जुनें कायमचें गेलें.

लाइव्ह लिनक्स ही या अडचणीवरील युक्ति आहे. यांत संपूर्ण प्रणाली पेनड्राइव्हवर किंवा सीडीवर असते. संगणक तिच्यावरून सुरू होतो आणि ती रॅममध्यें राहून काम करते. घरची डिस्क मग केवळ तपासणीसाठीं समोर ठेवलेली वस्तु होते. लिनुस तोरवाल्ड्स यांनीं लिनक्सचें बीज १९९१ सालीं रोवलें. त्याच्या पुढच्याच वर्षीं सीडीवरून चालणाऱ्या लिनक्सचे प्रयोग सुरू झाले, आणि २००० सालीं जर्मनींतील क्लाउस नॉपर यांनीं नॉपिक्स हा संच काढल्यावर ही कल्पना सर्वतोमुखीं झाली. आज असे संच इतके झाले आहेत कीं, निवड करणारा गोंधळून जावा. वास्तविक चार कसोट्या लावल्या कीं गोंधळ उरत नाहीं.

पहिली कसोटी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. संच काय काय करूं शकतो हें विचारण्यापूर्वीं, न सांगतां काय करतो हें विचारावें. कित्येक संच पाहुण्याच्या सोयीसाठीं सुरू होतांच घरची डिस्क आपण होऊन जोडून घेतात. कांहीं तर तिच्यावरील स्वॅपची जागा आपली म्हणून वापरूं लागतात. निरोगी डिस्कला याचें कांहीं वाटत नाहीं; मरणोन्मुख डिस्कला एवढाहि स्पर्श सोसत नाहीं. ‘केवळ वाचनासाठीं’ असें बजावून डिस्क जोडली तरी निर्धास्त होतां येत नाहीं. लिनक्सची एक्स्ट-४ ही मांडणी आपली रोजकीर्द ठेवते; संगणक अवचित बंद पडला असल्यास, पुढच्या वेळीं जोडतांना त्या रोजकीर्दींतील अपुऱ्या नोंदी ती आधीं पुऱ्या करते, म्हणजे डिस्कवर लिहिते. तें टाळावयाचें तर ‘नोलोड’ हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. इटलींत तयार झालेला केन हा संच न्यायवैद्यक तपासासाठीं असल्यामुळें सर्व डिस्कांना मुळांतच लेखनबंदी करून ठेवतो. सिस्टमरेस्क्यू हा संचहि आपण होऊन कोणतेंच पार्टिशन जोडीत नाहीं. आज्ञेची वाट पाहत उभा राहतो. सोय थोडी कमी झाली तरी चालेल, पण असा अबोल आणि आज्ञाधारक वैद्यच बरा.

दुसरी कसोटी ओळखीची. संचानें आपलें यंत्र ओळखलें पाहिजे. नव्या यंत्रांतील डिस्क-नियंत्रक आणि वायफाय जुन्या कर्नेलला ठाऊक नसतात, म्हणून संच शक्य तितका ताजा असावा. उलट फार जुन्या, बत्तीस बिटांच्या यंत्रावर आजचे बहुतेक संच सुरूच होत नाहींत. त्यांच्यासाठीं जुनी प्रत जपून ठेवावी लागते. तिसरी गोष्ट सिक्युअर बूटची. बहुतेक नवे संगणक हस्ताक्षर असलेल्या प्रणालीसच आंत घेतात. डेबियननें २०१९ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून ही सोय केली आहे, उबुंटूंत ती त्याच्याहि आधींपासून आहे. ज्या संचांत ती नाहीं त्यांच्यासाठीं सिक्युअर बूट तात्पुरता बंद करावा लागतो. येथें एक मोठा खड्डा आहे. नव्या विंडोज यंत्रांवरील डिस्क पुष्कळदां बिटलॉकरनें कुलूपबंद असते, आणि मालकास त्याचा पत्ताहि नसतो. सिक्युअर बूट बंद केला कीं यंत्र अट्ठेचाळीस अंकी किल्ली मागतें. ती किल्ली नसेल तर जगांतील कोणताहि लिनक्स संच त्या डिस्कवरील एक अक्षरहि वाचूं शकत नाहीं. म्हणून ही किल्ली आजच कागदावर उतरवून घराच्या दस्तऐवजांत ठेवावी. संचाच्या निवडीपेक्षां हें काम अगोदरचें आहे.

तिसरी कसोटी हत्यारांची. आणि येथें निगा व सुटका यांतील भेद ओळखला पाहिजे. सुताराच्या पेटींत रंधाहि असतो आणि पटाशीहि असते, पण एकाचें काम दुसऱ्याकडून होत नाहीं.

डिस्कवरील पार्टिशनें लहानमोठीं करावयाचीं असतील, तर जी-पार्टेड लाइव्ह हा छोटा संच पुरेसा आहे. त्यांत डिस्कचें चित्र समोर दिसतें आणि ‘लागू करा’ म्हणेपर्यंत कांहींच बदलत नाहीं. मात्र पार्टिशन सरकवितांना मध्येंच वीज गेली तर सर्व माहिती धोक्यांत येते. भोर-वेल्ह्याकडील पावसाळा ज्यांनीं अनुभवला आहे त्यांना याहून अधिक सांगणें नलगे. असें काम भरलेल्या बॅटरीचा लॅपटॉप किंवा यूपीएस यांच्याशिवाय, आणि बॅकअप घेतल्याशिवाय, हातीं घेऊं नये.

संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून ठेवावयाची असेल, तर तैवानमधील राष्ट्रीय संगणन केंद्रांत वाढलेला क्लोनझिला उत्तम. तो रिकाम्या जागा सोडून भरलेला भाग तेवढाच उचलतो, त्यामुळें वेळ आणि जागा दोन्ही वांचतात. त्याचे प्रश्न मात्र एकामागून एक आज्ञेच्या पडद्यावर येतात आणि नवशिक्या गांगरतो. त्याच जातीचें काम माउसच्या टिचकीनें करूं देणारा रेस्क्यूझिला हा संच अशांसाठीं सोईचा आहे. क्लोनझिलानें केलेल्या प्रतीहि त्याला वाचतां येतात. हे दोन्ही संच मुख्यतः निरोगी डिस्कसाठीं आहेत, हें विसरूं नये.

डिस्क खरोखरच मरूं लागली असेल, तर हत्यार निराळें. आंतोनियो दियास यांनीं २००४ सालीं रचलेलें डीडीरेस्क्यू हें तें हत्यार होय. सामान्य नक्कल करणारें साधन खराब जागेपाशीं अडून बसतें, पुनः पुनः तेथेंच डोकें आपटतें, आणि तेवढ्यांत डिस्क प्राण सोडते. डीडीरेस्क्यूची रीत समजूतदार आहे. प्रथम जें सहज वाचतां येतें तें सर्व तें उचलून घेतें. खराब जागा टाळून पुढें जातें. आणि चांगला भाग सुरक्षित झाल्यावरच मागें वळून दुखऱ्या जागांच्या कडा खरवडूं लागतें. काय मिळालें, काय राहिलें याचा नकाशा तें एका फाइलींत नोंदवितें, त्यामुळें काम मध्येंच थांबवून दुसऱ्या दिवशीं तेथूनच पुढें चालू करतां येतें. आग लागलेल्या घरांतून आधीं माणसें, मग दागिने आणि शेवटीं भांडीं काढावींत, तसेंच हें आहे.

प्रत मिळाल्यावर पुढील सर्व शोध त्या प्रतीवर करावा, मूळ डिस्कवर नव्हे. हरवलेलें पार्टिशन शोधण्यास क्रिस्तोफ ग्रेनिए यांचें टेस्टडिस्क उपयोगी पडतें. आणि मांडणीच नष्ट झाली असेल तर त्यांचेंच फोटोरेक हें साधन फाइलींच्या अंतर्रचनेवरून त्या ओळखून बाहेर काढतें. त्याची एक मर्यादा आधींच जाणून ठेवावी. फोटोरेकला फाइलींचीं नांवें मिळत नाहींत. ‘आजीच्या ओव्या’ या नांवाची फाइल परत येते ती एक इंग्रजी अक्षर आणि पुढें लांबलचक आंकडा अशा रूपानें. हजारों अनामिकांतून आपलें माणूस ओळखण्याचें काम मग घरच्यांनींच करावयाचें असतें. ही सर्व साधनें एका जागीं सिद्ध मिळतात तीं सिस्टमरेस्क्यूमध्यें. २०१९ पासून तो आर्च लिनक्सवर उभारला जातो, त्यामुळें त्याचें कर्नेलहि ताजें असतें.

चौथी कसोटी आपल्या भाषेची. तिचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शनांत सहसा आढळत नाहीं. लिनक्सच्या नुसत्या आज्ञा-पडद्यावर देवनागरी अक्षरें दिसत नाहींत. फाइलींच्या मराठी नांवांच्या जागीं चौकटी किंवा अगम्य चिन्हें उमटतात. हें पाहून पुष्कळांचा धीर सुटतो आणि फाइली नासल्या असा त्यांचा समज होतो. वस्तुतः नांवें शाबूत असतात. पडद्यालाच तीं वाचतां येत नाहींत. चित्रमय डेस्कटॉप सुरू केला आणि संचांत देवनागरी टंक असला कीं तींच नांवें स्वच्छ दिसूं लागतात. या बाबतींत पुण्याचा वांटा अभिमानास्पद आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनें घडविलेले लोहित टंक रेड हॅटनें २००४ सालीं मुक्त परवान्यावर प्रसिद्ध केले आणि ते लिनक्सच्या अनेक संचांत पोंचले. १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचा बॉस लिनक्स हा संचहि भारतीय भाषांचा विचार करून, डेबियनच्या पायावर, २००७ सालीं पुढें आला. संकट-निवारणासाठीं तो मुद्दाम घडविलेला नाहीं. परंतु सोडविलेल्या फाइली उघडून पाहणें, मराठी नांवांनिशीं त्यांची वर्गवारी लावणें, या कामास असा भाषा जाणणारा संच फार उपयोगी. संगणकावरील मराठी मजकूर जुना, युनिकोडपूर्व टंकांत टंकलेला असेल, तर त्या टंकाची फाइलहि सोडवून घ्यावी. अक्षरें परत आलीं पण टंक मागें राहिला, तर आजोबांच्या आठवणी परकीय लिपींत लिहिल्यासारख्या दिसतील.

कसोट्या संपल्या, आतां कृतीचा क्रम. डिस्कमधून टकटक किंवा खरडल्यासारखा आवाज येत असेल, तर कोणताहि संच लावूं नये. वीज बंद करावी आणि तज्ज्ञाची वाट धरावी. दर मिनिटाच्या फिरण्याबरोबर आंतील पृष्ठभाग खरवडला जात असतो. आवाज नसेल तर लाइव्ह संच सुरू करून प्रथम ‘स्मार्ट’ ही डिस्कची स्वतःची प्रकृतिनोंद वाचावी. तींतील पांचवी नोंद बदलून घेतलेल्या जागांची, आणि एकशें सत्त्याण्णवावी नोंद वाचावयास अडखळणाऱ्या जागांची असते. दुसरी शून्याहून अधिक असून वाढत असेल, तर दुरुस्तीचा विचार सोडून नकलेस लागावें. अशा डिस्कवर फाइल-दुरुस्तीची आज्ञा चालविणें म्हणजे तापानें फणफणलेल्या माणसास तालमींत उतरविणें होय. निरोगी डिस्कवरहि एक पथ्य आहे. विंडोजची एन-टी-एफ-एस मांडणी पूर्णपणें तपासण्याचें साधन लिनक्सपाशीं नाहीं. तें काम विंडोजच्या चेकडिस्कचेंच. लिनक्सनें सामान सुखरूप बाहेर काढावें, आणि घराची डागडुजी घरच्या गवंड्याकडून करून घ्यावी.

नक्कल करतांना मूळ कोणती आणि नवी कोणती याची दोनदां खात्री करावी. लिनक्समध्यें डिस्कांना मिळणारीं नांवें पेनड्राइव्हच्या अदलाबदलीनें बदलूं शकतात; म्हणून नांवावर न जातां डिस्कचा आकार आणि बनावट पाहावी. दिशा उलटी झाली तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरल्या डिस्कवर होते, आणि त्यास उतारा नाहीं. नवी डिस्क जुनीहून मोठी असावी, आणि सोडविलेली वस्तु कधींहि मूळ डिस्कवर ठेवूं नये. एस-एस-डी असेल तर आणखी सावधगिरी हवी. पुसलेल्या फाइलींच्या जागा ती ट्रिम नांवाच्या आज्ञेनें स्वतःच साफ करीत असते. तेथें चुकून पुसलेलें परत मिळण्याची आशा जवळजवळ नसते. जुन्या फिरत्या डिस्कवरील यशाच्या कथा ऐकून नव्या एस-एस-डीवर विसंबणें धोक्याचें.

तर मग शिवऱ्याच्या त्या घरानें काय करावें? दोन पेनड्राइव्ह घ्यावेत. एकावर सिस्टमरेस्क्यू असावा, तो संकटासाठीं. दुसऱ्यावर रेस्क्यूझिला असावा, तो दर महिन्याच्या नकलेसाठीं. ज्यास आज्ञा-पडद्याची संवय आहे त्यानें क्लोनझिला घ्यावा. मराठी फाइलींसाठीं देवनागरी दाखविणारा एखादा सर्वसाधारण लाइव्ह संच तिसऱ्यावर असल्यास उत्तम. संच मूळ संस्थेच्याच स्थळावरून उतरवावा आणि त्याबरोबर दिलेल्या शा-२५६ या ताळ्याच्या अंकाशीं ताडून पाहावा. अर्धवट उतरलेला संच ऐन वेळीं दगा देतो. त्यानंतर जें काम बहुतेक लोक टाळतात तें करावें: यंत्र निरोगी असतांनाच पेनड्राइव्ह लावून त्यावरून तें सुरू करून पाहावें. डिस्क दिसते का, कीबोर्ड चालतो का, बाहेरची डिस्क जोडली जाते का, हें एका रविवारीं तपासावें आणि पायऱ्या कागदावर लिहून पेनड्राइव्हबरोबर ठेवाव्यात. विंडोज नुसती ‘बंद’ केल्यास ती पुष्कळदां अर्धी निद्रिस्त राहते आणि लिनक्स तिच्या पार्टिशनवर लिहिण्यास नकार देतें, हेंहि याच तालमींत कळून येतें. वर्षांतून एकदां ताजी आवृत्ति घालून पुनः हीच तालीम करावी.

अशी तयारी असलेल्या घराला संकट येत नाहीं असें नव्हे. डिस्क ही झिजणारी वस्तु आहे. ती एक ना एक दिवस जाणारच. पण तयारी असली म्हणजे त्या दिवशीं घरांतील माणूस घाबरून पुण्याच्या टिळक रस्त्यावर धांवत सुटत नाहीं, किंवा मिळेल तें औषध रोग्याच्या घशांत ओतीत नाहीं. तो प्रथम हात आवरतो, मग पाहतो, मग नक्कल करतो आणि दुरुस्ती सर्वांच्या शेवटीं करतो. हा क्रम ज्याला साधला त्याच्या हातीं साधासा संचहि गुण देईल. ज्याला साधला नाहीं त्याच्या हातांत सर्वोत्तम संचहि कुऱ्हाडच ठरेल. आणि सर्वांत चांगला लाइव्ह संच कोणता, असें कोणीं विचारलेंच, तर उत्तर सोपें आहे: ज्यानें आज नक्कल काढून ठेविली आणि म्हणून ज्याच्याकडे उद्यां धांव घ्यावी लागली नाहीं, तो. शिवऱ्याच्या घरांतील आजीचा आवाज दोन ठिकाणीं ठेवावयास एक संध्याकाळ पुरते. ती संध्याकाळ या आठवड्यांतच काढावी.